झोपली की बरी, उठली की दुखणे

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. उन्हाळी कांद्याची लागवड ऐन भरात आली होती, ऊसतोडीची टोळी रानात उतरली होती आणि त्याच आठवड्यात आमच्या सूनबाईचे दिवस भरले. शेतकऱ्याच्या घरी अशा वेळी काय धांदल उडते ते भगिनींना मी सांगायला नको. घरातले एक माणूस अंथरुणाला लागले की सगळ्या घराचे गणित चुकते.

आमची वस्ती शनिशिंगणापूरच्या शिवारात आहे. रस्त्याच्या कडेला मुलाची रसवंती आणि मागे रान. शिंगणापूर म्हटले की बाहेरगावचे लोक पहिल्यांदा दाराचेच विचारतात. तर आमच्याही घराला दार नाही. पुढे पडदा असतो आणि रात्री कुत्रे आत शिरू नये म्हणून एक फळी आडवी लावतो. कडी नाही, कुलूप नाही. बाळंतिणीच्या खोलीलाही पडदाच. ओसरीवर बोललेला शब्द न् शब्द आत ऐकू जातो. हे मी उगीच सांगत नाही, त्याचा संबंध पुढे येणार आहे.

पहिले बाळंतपण माहेरी होते, अशी आपली रीत. पण सूनबाईची आई ती लहान असतानाच वारली. म्हणून बाळंतपण आमच्याकडेच करायचे ठरले. मूल पोटात आडवे होते. डॉक्टरांनी सिझर करावे लागेल म्हणून सांगितले. मंगळवारी सिझर झाले. पूर्ण भूल दिली नाही, कमरेत मणक्यामध्ये सुई देऊन कमरेखालचे अंग तेवढे बधिर केले. सूनबाई जागी होती. बाळाचे पहिले रडणे तिने स्वतःच्या कानांनी ऐकले. नातू झाला. आम्ही पेढे वाटले.

दोन दिवस सगळे ठीक होते. गुरुवारी सकाळी तिला उठवून बसवले, बाळाला पाजायला घेतले, आणि ती एकदम कपाळ धरून ओरडली. डोके मागून पुढून ठणकते, मान ओढल्यासारखी होते, मळमळते, असे म्हणू लागली. आडवी केली तर दहा मिनिटांत शांत. वॉर्डातल्या बाईंनी एक गोळी दिली. “पाणी जास्त प्या, उशी घेऊ नका,” एवढे बोलून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. शुक्रवारी आम्हाला घरी सोडले.

शनिवारी पाचवी होती. शनिवार म्हणजे आमच्या रस्त्यावर गाड्यांची रीघ. मुलगा रसवंतीवर अडकलेला, मालक कांद्याच्या रानात. घरात मी, थोरल्या जाऊबाई आणि पूजेला आलेल्या शेजारणी. पाट मांडला, सटवीची पूजा मांडली, सूनबाईला बोलावले. ती भिंत धरून आली, पाटावर बसली, आणि पाच मिनिटांत तिचा चेहरा पांढराफटक पडला. हळदकुंकू तसेच टाकून ती आत पळाली आणि ओकली.

थोड्या वेळाने मी आत डोकावले तर बाईसाहेब अंथरुणावर पडून बाळाकडे बघून हसत होत्या! माझे डोके फिरले. बाहेर येऊन बसले तर एक शेजारीण म्हणाली, “झोपली की हसती, उठली की रडती. हे कोणतं दुखणं म्हणायचं बाई?” आणि मी, जिने तिला आई होऊन सांभाळायचे कबूल केले होते ती मी, म्हणाले, “कामाचं दुखणं. कांदे लागवड आलीय ना!”

सगळ्याजणी हसल्या. आत एक अक्षर उमटले नाही. आमच्या घराला दार नाही, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही.

संध्याकाळी पोरगी काही बोलेना, जेवेना. मग मात्र मला काळजी वाटू लागली आणि घरात औषधांचा बाजार सुरू झाला. सुंठेचा लेप झाला. कानात कापूस, डोक्याला फडके झाले. मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. कुणी म्हणाले बाळंतवारे शिरले, कुणी म्हणाले साडेसाती. मुलाने शनिदेवाला तेल वाहिले. देवाला तेल वाहण्यात काही वावगे नाही, पण देवानेच दिलेली अक्कलही चालवायची असते. ती आम्ही चालवत नव्हतो.

रात्रीपर्यंत तिच्या उशाशी तीन तऱ्हेच्या गोळ्या जमल्या. पहिली, मुलाने दुकानातून आणलेली डोकेदुखीची पट्टी. दुसरी, थोरल्या जाऊबाईंची. त्यांना साखरेचा विकार आहे, तळपायांची आग होते. त्यासाठी डॉक्टरांनी नसांची गोळी दिलेली आहे. “माझी आग थांबती तर हिचं डोकं का थांबंना,” असे म्हणून त्यांनी आपली पट्टी पुढे केली. तिसरी, धाकट्या दिरांची दम्याची गोळी. पुतण्याने मोबाईलवर कुठेतरी वाचले होते की या डोकेदुखीला दम्याची गोळी चालते. माझ्या मनात आले, तिन्ही देऊन टाकाव्यात. एक नाही तर एक लागू पडेल.

सूनबाईनेच हात मागे घेतला. “आत्याबाई, बाळ अंगावर पितंय. विचारल्याशिवाय नको,” एवढेच म्हणाली.

रविवारी सकाळी आशाताई बाळाला बघायला आल्या. त्यांनी बाळाचे वजन घेतले आणि मग आईला विचारले, “डोकं झोपल्यावर थांबतं का?” सूनबाई म्हणाली, थांबते. “उठल्यावर लगेच येतं?” लगेच. “कमरेत सुई दिली होती का?” दिली होती. आशाताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मामी, हे त्या सुईचं दुखणं दिसतंय. पण बाळंतिणीचं डोकं दुखलं तर रक्तदाब तपासल्याशिवाय घरी ठेवायचं नसतं. आजच न्या.”

गाडीत मागच्या सीटवर आडवी करून तिला नेली. तिथे भुलीच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी आधी रक्तदाब घेतला, ताप बघितला, हातापायांची ताकद बघितली, डोळ्यांपुढे अंधारी येते का, झटका आला होता का, ते विचारले. सगळे ठीक निघाले. मग तिला उठवून बसवले. दुखायला लागले. झोपवले. थांबले. त्या म्हणाल्या, “हीच याची खूण. उठलं की दुखतं आणि झोपलं की थांबतं, असं दुसरं डोकं सहसा दुखत नाही.”

वाचकहो, मी ज्याला ढोंगाची खूण समजत होते, तीच या दुखण्याची खरी खूण होती. मी मान खाली घातली.

डॉक्टरीणबाईंनी मला जे समजावले ते आपल्या भाषेत सांगते. आपला मेंदू आणि पाठीच्या कण्यातली मोठी नस एका पाण्याच्या पिशवीत असतात. मोठ्या माणसाच्या अंगात हे पाणी सुमारे दीडशे मिलिलिटर असते. दिवसाला सुमारे अर्धा लिटर नवे पाणी तयार होते आणि तेवढेच जिरते. कमरेत भूल देताना सुई त्या पिशवीत जाते आणि औषध सोडून बाहेर येते. भोक बारीक असते, बहुतेकांचे आपोआप मिटते. काहींचे मिटायला दिवस लागतात. ठिबकची नळी एका जागी टोचली गेली की पाणी झिरपत राहते, तसेच हे झिरपते.

विहिरीत पोहायला शिकताना आपण पोरांच्या पाठीला भोपळा बांधतो. भोपळ्याने पोर तरंगते. मेंदूही त्या पाण्यावर असाच तरंगत असतो. पाणी कमी झाले की उभे राहताना तो खाली ओढला जातो, त्याच्या भोवतीचे पडदे ताणतात. शिवाय कमी झालेल्या पाण्याची जागा भरायला रक्ताच्या नळ्या फुगतात. म्हणून ठणका. आडवे झाले की ताण सुटतो.

“तुम्ही शिंगणापूरच्या ना?” बाई हसून म्हणाल्या. “तुमच्या घरांना दारं नसली तरी चालतं. या पिशवीला मात्र सुईएवढं भोकही चालत नाही.”

मी विचारले, “मग सुई देणाऱ्याचं चुकलं का?” त्या म्हणाल्या, तसे नसते. चांगल्या हातूनही होते. तरुण बायकांना आणि गरोदर बायकांना हे जास्त होते. सुई जितकी बारीक तितके कमी होते, आणि सुईच्या टोकावरही अवलंबून असते. धारेने कापत जाणाऱ्या टोकापेक्षा पेन्सिलीसारखे टोक बरे, ते तंतू बाजूला सारून जाते. पाठीतून सुईने पाणी काढताना कोणती सुई बरी, याचे जगभरचे ११० प्रयोग २०१८ साली एकत्र मांडले गेले. त्यांत एकतीस हजारांवर माणसे होती. नेहमीच्या सुईने शंभरांत ११ जणांचे डोके दुखले, पेन्सिल टोकाच्या सुईने शंभरांत चारांचे.

मग मी पदराच्या गाठीतून त्या तीन तऱ्हेच्या गोळ्या टेबलावर काढून ठेवल्या. बाईंनी कपाळावर हात मारला नाही की मला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “तिन्ही गोळ्यांचा या दुखण्याशी संबंध आहे. तुमच्या पुतण्यानं वाचलं ते खोटं नाही, पण अर्धं आहे.” आणि त्यांनी एकेका गोळीचा हिशेब सांगितला. तो कागदावर लिहून घेतला होता, आणि हे लिहायच्या आधी मी पुन्हा जाऊन विचारून आले आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या. हे दुखणे बहुतेकांचे आठवडाभरात आपोआप जाते. त्यामुळे सहाव्या दिवशी जो उपाय कराल त्याला यश येते. आपण धोंडी काढतो, “धोंडी धोंडी पाणी दे” म्हणतो, चार दिवसांनी पाऊस येतो आणि श्रेय धोंडीला मिळते. तसेच औषधाचे. औषधाने गुण आला की वेळेने, हे कळायचे कसे? आम्ही राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिवारफेरीला जातो. तिथे एकाच रानात वाफे पाडलेले असतात. एका वाफ्याला हे खत, दुसऱ्याला ते खत आणि एक वाफा बिनखताचा. बिनखताच्या वाफ्याशी ताडून बघितल्याशिवाय खताचा गुण कळत नाही. औषधांचेही असेच वाफे पाडतात. काहींना औषध देतात, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. कुणाला काय दिले ते देणाऱ्यालाही माहीत नसते.

पहिली गोळी पॅरासिटामॉलची. साधी, जुनी, अंगावर पाजणाऱ्या आईला चालणारी. ती भोक बुजवत नाही, पण दुखणे सोसवेल इतके कमी करते. दुखेल तेव्हा एक असे न घेता डॉक्टरांनी सांगितलेल्या ठरल्या वेळेला घेतली तर जास्त उपयोग होतो. मात्र दुकानातल्या डोकेदुखीच्या, सर्दीच्या, तापाच्या कितीतरी पट्ट्यांत पॅरासिटामॉलच असते. नावे वेगळी, औषध एकच. दोन पट्ट्या एकदम चालू केल्या तर मात्रा दुप्पट होते आणि यकृतावर बेतते. तिच्या जोडीला आयब्युप्रोफेनसारखी सूज उतरवणारी गोळी देतात, पण ती रक्तदाब, मूत्रपिंड आणि पोटातली जखम यांची चौकशी केल्यावरच.

दुसरी गोष्ट म्हणजे चहा-कॉफीतले कॅफिन. ते फुगलेल्या नळ्या आकसते. १९९० साली अमेरिकेत ४० बाळंतिणींवर याचा प्रयोग झाला. निम्म्या जणींना ३०० मिलिग्रॅम कॅफिन तोंडाने दिले, निम्म्या जणींना बिनऔषधाची गोळी. चार तासांनी कॅफिनवाल्यांना जास्त आराम होता. पण बिनऔषधाच्या गोळीनेही बऱ्याच जणींना बरे वाटले, आणि कॅफिनवाल्यांतल्या काहींचे डोके दुसऱ्या दिवशी पुन्हा दुखले. म्हणजे कॅफिन हे खरे औषध आहे, पण ते थोड्या वेळाचे. आपल्या कपभर चहात ते तीस ते पन्नास मिलिग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे प्रयोगाएवढी मात्रा व्हायला सहा-सात कप तरी लागतील. आणि ते दुधात उतरते, बाळ झोपत नाही. पाजणाऱ्या आईला दिवसाला दोनशे-तीनशे मिलिग्रॅमच्या वर नको, असे बाईंनी बजावले.

तिसरी दम्याची गोळी, थिओफिलिन. ती कॅफिनचीच भावंड. प्रयोगांत तिने दुखणे कमी झालेले दिसले आहे. पण तिची गुणाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडे. छाती धडधडते, उलट्या होतात, मात्रा फार झाली तर झटकेही येतात. दुसऱ्याची गोळी अंदाजाने द्यायचे हे औषधच नव्हे.

चौथी जाऊबाईंची नसांची गोळी. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन ही तिची दोन भावंडे. इराणमधल्या डॉक्टरांनी २०१४ साली ९० रुग्णांचा प्रयोग प्रसिद्ध केला. तीन वाफे पाडले. एकाला पॅरासिटामॉल, एकाला गॅबापेंटिन, एकाला प्रीगॅबालिन. तिन्हीकडे दुखणे उतरले, पण नसांच्या गोळ्यांनी जास्त उतरले आणि त्यातही प्रीगॅबालिनने सर्वांत जास्त.

मी म्हणाले, “मग तीच द्या की.”

बाई म्हणाल्या, “थांबा. एका वर्षाच्या एका वाफ्यावरून तुम्ही सगळ्या रानाचं बियाणं बदलता का?” २०१५ साली या दुखण्यावरच्या औषधांचे जगभरातले चांगले प्रयोग गोळा केले तेव्हा ते १३ निघाले, आणि सगळी माणसे मिळून ४७९. एवढ्या थोड्या माणसांवरून ठाम बोलता येत नाही. शिवाय नसांच्या गोळीने गुंगी येते, चक्कर येते. रात्री बाळ कुशीत घेऊन झोपणाऱ्या आणि आधीच भिंत धरून चालणाऱ्या बाईला गुंगी देणे म्हणजे एक दुखणे काढून दुसरे आणणे. २०२३ साली भुलीच्या डॉक्टरांच्या अनेक संघटनांनी मिळून शिफारशी लिहिल्या. त्यांत पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणारी गोळी ठरल्या वेळेला द्यावी, कॅफिन पहिल्या चोवीस तासांत देता येईल, आणि थिओफिलिन, गॅबापेंटिन ही औषधे सर्रास देण्याइतका पुरावा नाही, असे म्हटले आहे. एखाद्याला डॉक्टर विचार करून देतील, ते वेगळे.

“आणि गोळ्यांनी भागलंच नाही तर?” मालकांनी विचारले. त्यावरही उपाय आहे. रुग्णाच्याच हातातले पंधरा-वीस मिलिलिटर रक्त काढून ते कमरेत त्या पिशवीच्या बाहेरच्या बाजूला सोडतात. रक्त गोठते आणि भोकावर ठिगळ बसते. गोर्मली नावाच्या अमेरिकन सर्जनने १९६० साली ही युक्ती प्रसिद्ध केली. ते काम भुलीच्या डॉक्टरांचे, मोठ्या इस्पितळातले. सोसवत नसेल, बाळाला पाजता येत नसेल, दिवसामागून दिवस गेले तर त्यासाठी जावे.

आमच्या गैरसमजांचीही त्यांनी झाडाझडती घेतली. सुई दिल्यावर चोवीस तास बिनउशीचे सपाट झोपवले की डोके दुखत नाही, हा जुना समज. तपासून बघितले तर झोपवून ठेवल्याने हे दुखणे टळत नाही. दुखत असेल तेव्हा मात्र झोपल्याने आराम पडतो. पाण्याचेही तेच. हंडाभर पाणी पाजून भोक मिटत नाही, पण आपण बाळंतिणीला “पोट सुटेल” म्हणून घोट घोट पाणी देतो तेही चूक. तहानेला लागेल तेवढे पाणी तिला मिळालेच पाहिजे. आणि कमरेत सुई दिली म्हणून जन्मभर कंबर दुखते, असे घरोघर म्हणतात, त्यालाही आधार सापडलेला नाही. सुईच्या जागी थोडे दिवस हुळहुळते, ते जाते. पुढची कंबरदुखी हंडे, वाकून केलेली खुरपणी आणि कडेवरचे पोर यांची असते.

बाईंनी सांगितलेली एक गोष्ट तर मी विसरणार नाही. अशी भूल पहिल्यांदा दिली ती आउगुस्ट बिअर नावाच्या जर्मन डॉक्टरने, १८९८ साली, कील या गावी. ती कशी लागते हे कळावे म्हणून त्याने आणि त्याच्या मदतनिसाने एकमेकांच्या पाठीत सुई घेतली. बिअरच्या पाठीतून पुष्कळ पाणी वाहून गेले. पुढे त्याचे डोके असे धरले की उठला की ठणका आणि झोपला की आराम. नऊ दिवस तो अंथरुणात होता. आता एवढा मोठा शोध लावणारा माणूस. त्याला कुणी कामचुकार म्हटले असेल का? नाही. त्याने स्वतः लिहून ठेवले आणि लोकांनी विश्वास ठेवला. आमच्या सूनबाईनेही तेच सांगितले होते, अगदी तसेच. तिच्यावर मात्र विश्वास बसला नाही, कारण ती सून होती आणि कांद्याची लागवड आली होती.

बाईंनी पॅरासिटामॉल ठरल्या वेळेला, जेवणानंतर दुसरी गोळी, आणि सकाळ-दुपार एकेक कप कॉफी सांगितली. कुशीवर झोपून बाळाला कसे पाजायचे ते तिथल्या बाईंकडून शिकवून घेतले. आणि मला म्हणाल्या, “आणखी एक औषध तुमच्याकडं आहे. तिला पडू द्या. आणि पडली म्हणून काही बोलू नका.”

संध्याकाळी घरी आलो. ओसरीवर मी सगळे सविस्तर सांगितले. पाण्याची पिशवी, सुईचे भोक, तरंगणारा भोपळा, झोपली की बरी आणि उठली की दुखणे. मुद्दाम मोठ्याने सांगितले, आत ऐकू जावे म्हणून. थोरल्या जाऊबाई लसूण निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला.

पस्तीस वर्षांपूर्वी त्यांचे गर्भाशयाचे ऑपरेशन झाले होते, असेच कमरेत सुई देऊन. मी तेव्हा घरात नवी नवरी. घरी आल्यावर त्या आठ दिवस उठल्या की डोके धरून बसत. सासूबाई म्हणत, “पडली की गुण, उठली की अवगुण. सोंग आहे.” तिसऱ्या दिवशी त्यांना चुलीपुढे बसवले. एका हाताने कपाळ धरून दुसऱ्या हाताने त्या भाकरी थापत होत्या, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. नवी होते, बोलले नाही. नंतर जुनी झाले तरी बोलले नाही. घरात पुढे कितीतरी वर्षे “थोरलीचं सोंग” अशी म्हणच पडली होती.

जाऊबाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे माझं बी खरंच दुखत होतं म्हणायचं.”

त्यांना स्वतःलासुद्धा शंका येऊ लागली होती, बायांनो. पस्तीस वर्षे.

त्या रात्री मी सूनबाईच्या उशाशी जाऊन बसले. माफी वगैरे शब्द आपल्या तोंडात बसत नाहीत. मी तिचे पाय चेपायला घेतले तर ती पाय ओढू लागली. मी म्हणाले, “शनिवारी मी चुकीचं बोलले गं.” ती म्हणाली, “मला बी वाटायला लागलं होतं आत्याबाई, की माझंच काही चुकतंय का.” दोघीही मग थोडा वेळ काही बोललो नाही.

सोमवारी ती पाच-दहा मिनिटे बसू शकली, बुधवारी पाटावर बसून जेवली. गुरुवारपर्यंत दुखणे ओसरले. गोळ्यांनी गेले, कॉफीने गेले की भोक आपोआप मिटून गेले? धोंडीची गोष्ट मला आता ठाऊक असल्याने मी कुणालाच श्रेय देत नाही. गोळ्यांनी ते दिवस सोसवले एवढे नक्की. पुढच्या शनिवारी बारसे झाले. रस्त्यावर तशीच गाड्यांची रीघ होती, त्याच शेजारणी आल्या होत्या. सूनबाई पाळण्याशी दोन तास ताठ बसली होती, आणि तिच्या शेजारच्या पाटावर मी थोरल्या जाऊबाईंना बसवले होते.

आता भगिनींना दोन शब्द. घरात कुणाचे कमरेत सुई देऊन ऑपरेशन झाले, बाईचे असो की पुरुषाचे, आणि दोन-तीन दिवसांत डोके धरले, तर एकच प्रश्न विचारा: झोपल्यावर थांबते का? थांबत असेल तर घाबरू नका, पण ज्यांनी भूल दिली त्यांना कळवा आणि बाळंतीण असेल तर रक्तदाब तपासून घ्या. झोपूनही थांबत नसेल, ताप असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, झटका आला, हातपाय किंवा तोंड एका बाजूला ओढले, बोलणे अडखळले, माणूस गुंगीत जाऊ लागले, किंवा आधी झोपल्यावर थांबणारे दुखणे आता थांबेनासे झाले, तर गोळी शोधत बसू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी बोलवा. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत रक्तदाब वाढून झटके येऊ शकतात, हे ध्यानात ठेवा. दुसऱ्याच्या पट्टीतली गोळी उसनी घेऊ नका. मीठ उसने घ्यावे, विरजण घ्यावे, औषध घेऊ नये.

आणि कुणी “दुखतंय” म्हणाले तर ते दुखणे आपल्या हिशेबात बसते की नाही, हे बघायच्या आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. आमच्या घराला आजही दार नाही. आता मी ओसरीवर बोलताना आतल्या माणसाला ऐकू जाते, हे ध्यानात ठेवून बोलते.